स्पीकर चालू केला की झील येते

"जीऽऽ रं जी..."

ही झील मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा आप्पांच्या मांडीवर अर्धवट झोपेत होतो.

आप्पा ओवी म्हणायचे. शेवटचा शब्द खाली पडायच्या आत सिद्धराम काका तो उचलायचे. ओंजळीत पाणी धरावं तसा धरून ठेवायचे, लांबवायचे... आप्पांनी पुढची ओळ घेईपर्यंत. आणि उचलायच्या आधी काकांचा श्वास जरासा अडखळायचा. उंबऱ्याला पाय लागावा तसा.

तेवढ्या अडखळण्यावरून मी हजार आवाजांत काकांना ओळखलं असतं.

ओळखलं. म्हणूनच हे लिहितोय.

माझ्यासमोर घडलंय, आणि घडताना मी एकटा नव्हतो. गेल्या हिवाळ्यात, चंपाषष्ठीच्या आसपास, हुमनाबादला हायवेलगत टायरच्या दुकानावर माझी पत्र्याची खोली आहे, तिथं. वेळ दिवेलागणीची. खाली लॉऱ्या उभ्या, ढाब्यावर फोडणीचा वास. भीती वाटावी असं तिथं काहीच नव्हतं.

आधी घरचं सांगतो.

आम्ही मुडबीचे धनगर. आता शेती आहे, पण मी लहान असताना घरात मेंढरं होती. आप्पा, म्हणजे माझे वडील अंबाजी, आणि त्यांचे धाकटे भाऊ सिद्धराम काका हिवाळ्यात कळप घेऊन मांजरा नदीच्या काठाला जायचे.

एका हिवाळ्यात आप्पा एकटेच परत आले.

"सिद्ध्या भांडून हैदराबादला गेलाय. राग उतरला की येईल." एवढंच बोलले.

भाग्यलक्ष्मी काकू तेव्हा पोटुशी होती. पुढं तेजश्री झाली. काका आले नाहीत. आप्पांनी मेंढरं विकली. आणि त्या दिवसापासून आप्पांनी ओवी म्हटली नाही. अंगाईसुद्धा नाही. नुसतं गुणगुणणंही नाही. कुणी आग्रह केला तर उठून गोठ्यात जायचे.

तीच तेजश्री गेल्या हिवाळ्यात लग्नाची झाली.

आमच्यात लग्नाआधी जागर घालतात. त्यात ओवीतून आधी देवांना आवतन देतात, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन... ये, लेकीच्या लग्नाला ये. जिवंत माणसाचं नाव त्यात चुकूनही घ्यायचं नाही. आणि गेलेल्याचं चुकवायचं नाही. चुकवलं तर तो बाहेर उभा राहतो, उपाशी.

काकांचं नाव घ्यायचं की नाही?

भावकीत कुजबुज सुरू झाली. आप्पा एकच बोलायचे, "जित्या मानसाला मेलेल्यांत बसवू काय?"

काकू भाकऱ्या थापत राहायची.

शेवटी तेजश्रीनंच मला गाठलं. "दादा, तू तरी सांग. माझ्या बापाला कुठं बसवायचं? मांडवात का देवात?"

मी गोठ्यातल्या आप्पांकडं बघितलं.

"आप्पा म्हननार न्हाईत," ती म्हणाली, "तर तू ती ओवी गिटारवर वाजव. शब्द नको. चाल तरी असू दे."

मी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. लग्नं, जत्रा, उरूस. मी हो म्हटलं.

आता त्या डब्याबद्दल.

जड अॅम्प्लिफायर घेऊन एसटीनं फिरता येत नाही. म्हणून मी एक डिजिटल डबा घेतला, सेकंडहँड. गिटारची वायर त्यात जाते आणि तो जुन्या अॅम्पची नक्कल करतो. आत सगळं आहे. आवाज फुगवणारा पॉवर अॅम्प, त्यापुढं स्पीकर, स्पीकरसमोर माइक. म्हणजे... आहे असं तो भासवतो. छोट्या पडद्यावर चित्रं दिसतात आणि बटणं फिरवली की आवाज बदलतो.

राजशेखर आमचा कीबोर्डवाला. घरचं कापडाचं दुकान, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हीत तोंडाळ. त्या संध्याकाळी तो माझ्या खोलीत पाय पसरून चिवडा खात बसला होता.

"महांतेश, अॅम्प न्हाई, स्पीकर न्हाई, माइक न्हाई," तो म्हणाला. "तरी सगळ्यांचा आवाज यायलाय. मग ह्याला डबा कामून म्हनतोस? भूतच म्हन की."

मी हसलो.

आदल्या आठवड्यात एका कार्यक्रमात आमची फजिती झाली होती. तिथं स्टेजवर खराखुरा गिटार अॅम्प होता. मी डबा त्याला जोडला, पण डब्यातला पॉवर अॅम्प आणि स्पीकर बंद करायचं विसरलो. नकलेवर नक्कल चढली. गिटार घोंगडीखालून बोलल्यासारखी वाजली. राजशेखर तेव्हापासून मला घोंगडीवाला म्हणायला लागला होता.

मुडबीत मांडवात साधा साउंड लागणार होता, भोंगे नि मोठे बॉक्स. तिथं डब्यातला स्पीकर चालू ठेवावा लागतो, नाहीतर गिटार डासासारखी भुणभुणते. म्हणून डबा खोलीतल्या छोट्या साध्या स्पीकरला जोडून नीट सेटिंग करायचं ठरवलं.

आधी डब्यातला पॉवर अॅम्प आणि स्पीकर दोन्ही बंद करून वाजवलं. आप्पांच्या ओवीची चाल. कोरडी, टोचरी.

काही नाही.

मग पॉवर अॅम्प आणि डब्यातला स्पीकर चालू केला.

चाल पुरी झाली. मी तारांवर हात ठेवला. तारा गप्प झाल्या.

आणि मागून... अगदी बारीक... काहीतरी लांबत राहिलं.

"खाली कोन गायलाय?" राजशेखरनं विचारलं.

"टायरवाल्याचा रेडिओ असंल."

मी पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबलो. पुन्हा तेच. शेवटचा सूर कुणीतरी उचलला होता.

स्पीकर बंद केला... गेलं.

चालू केला... आलं.

राजशेखरनं चिवड्याची पुडी बाजूला ठेवली. "इको लागलाय बग कुठंतरी. काढ तो."

इको नव्हता. मी पडद्यावरची प्रत्येक चौकट उघडून दाखवली. पॉवर अॅम्प आणि स्पीकर, एवढंच चालू होतं.

मला वाटलं वीज खेळतेय. आमच्याकडं व्होल्टेज वर-खाली होत असतं. म्हणून पॉवर अॅम्पमध्ये शिरलो. तिथं सॅग नावाचं एक बटण असतं. जुन्या अॅम्पवर जोरात तार छेडली की तो क्षणभर दमतो, आवाज खाली बसतो आणि मग हळूहळू वर येतो. दमलेल्या माणसाच्या छातीसारखा. किती दमायचं ते त्या बटणावर ठरतं.

मी ते वाढवलं.

वाजवलं.

थांबलो.

आणि सूर लांबायच्या आधी... एक श्वास अडखळला.

उंबऱ्याला पाय लागावा तसा.

माझा हात गिटारवरून खाली आला. राजशेखरला काही कळलं नव्हतं, त्यानं काकांना कधी पाहिलंही नव्हतं. पण माझं तोंड बघून त्यानं पसरलेले पाय जवळ घेतले.

"काय झालं रे?"

बोललो असतो तर ते खरं झालं असतं.

शेवटची चौकट माइकची. स्पीकरपासून माइक किती लांब ठेवायचा, ते ठरवता येतं. लांब नेला की आवाज दूर जातो, कुणीतरी पल्याडच्या शेतात वाजवतंय असा. मी तो लांब नेला. मला तो आवाज दूर घालवायचा होता, दुसरं काही नाही.

गिटार दूर गेली.

झील जवळ आली.

अजून लांब नेला...

झील खोलीत आली.

तेव्हा लक्षात आलं की खालचा हायवे ऐकू येत नाहीये. एकही लॉरी नाही. ढाब्यावरची भांडी नाहीत. पत्र्यावर रोज फडफडणारं प्लास्टिकसुद्धा नाही. खिडकी उघडी होती, लॉऱ्यांचे दिवे सरकताना दिसत होते... आणि आवाज नव्हता.

ओल्या घोंगडीचा वास यायला लागला.

"वायर काढ," राजशेखर हळूच म्हणाला. "महांतेश, वायर काढ रे."

मी गिटारची वायर उपटली. पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट झाली. डब्यात आता काहीच जात नव्हतं.

समोरच्या स्पीकरमधून मात्र येत होतं.

आता त्यात शब्द होता. मी नुसती चाल वाजवली होती, शब्द कुणीच म्हटला नव्हता. पण तो स्वच्छ ऐकू आला.

"...मांजराऽऽ... जी रं जी..."

"यप्पा," राजशेखर म्हणाला आणि भिंतीला जाऊन टेकला.

त्याच वेळी जिन्यावर पाय वाजले.

त्या सगळ्या शांततेत तेवढेच पाय वाजत होते. सावकाश. एकेक पायरी. दारात येऊन थांबले.

आप्पा होते.

लग्नाचा बाजार करायला हुमनाबादला आले होते. मुडबीच्या बसला वेळ होता म्हणून चहाला वर आले. एका हातात पिशवी, एका हातात चपला. चपला त्यांनी का काढून हातात घेतल्या होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बंद कर ते," आप्पा म्हणाले.

मी बटणाकडं हात नेला.

"थांब." त्यांचा आवाज फाटला. "थांब... राहू दे."

झील चालूच होती. त्याच एका शब्दावर. आमच्यात एक नेम आहे. म्हणणाऱ्यानं पुढची ओळ घेतल्याशिवाय झीलकऱ्यानं शब्द सोडायचा नाही. कितीही दम लागला तरी नाही. शब्द अधांतरी टाकला तर दाराशी आलेला देव परत जातो म्हणतात.

स्पीकरमधला श्वास दमत होता. खाली बसत होता. पुन्हा वर येत होता. पण शब्द सोडत नव्हता.

आप्पा खाली बसले. पिशवी कलंडली, हळकुंडं फरशीवर पसरली. त्यांनी डोळे मिटले आणि इतक्या वर्षांनी तोंड उघडलं.

"पैल तिरी तळ माझा, मधी वाहती मांजरा
आल्याड कोन उभा गड्या, हुंकार दे रं लेकरा..."

"...लेकराऽऽ... जी रं जी..."

झील लगेच आली. लगोलग. तहानलेल्यानं तांब्या ओढून घ्यावा तशी.

आप्पा तिथंच थांबले. पुढची ओळ त्यांनी घेतली नाही. झील मात्र तो शब्द धरून उभी राहिली... आणि दूर जायला लागली. दूर, खाली, एका बाजूला. मी कुठल्याही बटणाला हात लावला नव्हता. शेवटी इतकी बारीक झाली की ती आहे की नाही ते कळेना.

खाली एक लॉरी हॉर्न वाजवत गेली.

ढाब्यावर कुणीतरी शिवी दिली.

राजशेखर जमिनीवर बसला होता. कानडीत काहीतरी पुटपुटत होता.

मी आप्पांना पाणी दिलं. त्यांनी ते हातातच धरलं.

"तो हैदराबादला गेला न्हाई," आप्पा म्हणाले.

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"पहाटं मांजरा उतरायलो होतो. पानी मांडीएवढं. पर धुकं असलं, की आपलाच हात दिसंना. म्या मेंढरं घिऊन पल्याड गेलो. एक गाभन मेंढी आडली म्हनून तो मागं राहिला. म्या म्हनलं, मी ओवी म्हनतो, तू आवाजाच्या मागं मागं ये. तो झील द्यायला लागला. जवळ येत होती रं. मग... अशीच सरकली. डोहाच्या अंगाला."

"हाक न्हाई मारली?"

"ओवी सोडून हाक मारली असती तर त्याची दिशा चुकली असती. म्या म्हनतच राहिलो. ऊन पडोस्तर म्हनत राहिलो. धुकं उठलं. पानी सपाट. मानूस न्हाई, मेंढी न्हाई..."

आप्पांनी पेला खाली ठेवला.

"अन् झील चालूच होती, महांतेश. उघड्या उन्हात. म्या म्हनंल त्या ओळीला यायली. तवा म्या तोंड मिटलं. ती थांबावी म्हनून गायचं सोडलं."

मी विचारलं, "मग काकूला..."

"पोटुशी होती. आज सांगतो, उद्या सांगतो म्हनलो. मग सांगायचं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुडबीच्या घरी आप्पांनी काकूला सांगितलं. मी दारात होतो, तेजश्री चुलीपाशी. काकू लग्नाची डाळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. खाली बघूनच म्हणाली, "बरं."

आणि पुन्हा डाळीला लागली.

तेजश्री रडली. माझी आई रडली. आप्पांना तर सावरावं लागलं.

काकू रडली नाही.

जागर झाला. आप्पा उभे राहिले, खांद्यावर घोंगडी टाकली. मी चाल धरली. डबा साउंडला जोडला होता, पॉवर अॅम्प चालू, स्पीकर चालू, सॅग तिथंच जिथं त्या संध्याकाळी होता. राजशेखर यायला तयार नव्हता, तरी आला. माझ्याकडं बघायचं मात्र टाळत होता.

देव झाले. आजोबा, पणजोबा झाले. मग आप्पांनी ओवी मांजरेच्या काठाला नेली, धुक्यातून अल्याड-पल्याड फिरवली आणि शेवटी नाव घेतलं. सिद्धराम. ये, लेकीच्या लग्नाला ये.

मी तारांवर हात ठेवला.

मांडव गप्प.

मी वाट बघितली... आप्पांनीही बघितली...

झील आली नाही.

गिटारचा शेवटचा सूर एकटाच मिटला. लोकांनी भंडारा उधळला. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा मोकळा होता. "पोचला," ते म्हणाले.

सगळ्यांना तसंच वाटलं. मलाही वाटायला हवं होतं.

पण मी काकूकडं बघितलं होतं. ती मांडवाच्या कडेला उभी होती. नाव घेतलं तेव्हा ती स्टेजकडं बघत नव्हती, घराच्या दाराकडं बघत होती. आणि तिचं तोंड... स्टँडवरून आपल्यादेखत बस सुटावी तसं झालं होतं.

ते तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलेना. वाजवताना, जेवताना, झोपताना. डबा मी विकला नाही. विकून कुणाच्या घरात देऊ? पण स्पीकरच्या चौकटीत गेलो की बोट बटणावरच राहतं. आवाज कमी करावा तर वाटतं मागं काही राहिलंय, वाढवावा तर वाटतं काही यायचं थांबलंय. राजशेखर म्हणतो, सोड रे आता, झालं ते झालं. तोसुद्धा माझ्या खोलीत खाली बसत नाही. उभ्या उभ्या बोलून जातो.

मग पंधरवड्यापूर्वी काकू आली.

एकटी, दुपारच्या बसनं. कधी हुमनाबादला एकटी न आलेली बाई. जिना चढून तिला धाप लागली होती. मी पाणी दिलं, चहा सांगू का विचारलं.

"चहा नको." तिनं खोलीभर नजर फिरवली. "तो डबा कोनता रं?"

मी दाखवला.

"लाव."

"काकू, आता त्यात काही येत न्हाई."

"लाव म्हनते न्हवं."

मी लावला. पॉवर अॅम्प. स्पीकर. माइक लांब नेला, अगदी त्या दिवशी होता तितका. काकू स्पीकरसमोर मांडी घालून बसली. पदर कानामागं घेतला. मी ओवीची चाल वाजवली आणि हात ठेवला.

काही नाही.

"अजून एकदा."

काही नाही. खाली टायरवाला हातोडी मारत होता. प्लास्टिक फडफडत होतं.

काकूनं स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवला. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"काकू," मी शेवटी विचारलंच. "आप्पांनी सांगितलं तवा तू रडली का न्हाईस?"

"रडायचं काय त्यात? मला म्हाईत होतं."

"कधीपासनं?"

"त्याच पहाटंपासनं." ती स्पीकरकडंच बघत होती. "ते घरी आलते. म्या झाडलोट करायलते. दारात उभे राहिले, अंगातनं पानी गळायलेलं. आत या म्हनलं तर उंबऱ्याच्या आत आले न्हाईत. म्हनले, पोरगी हुईल, तेजश्री नाव ठेव. अन् म्हनले, दादाला सांग, गायचं सोडू नको. तू गात राहा, म्हंजी मला वाट घावंल."

"मग... तू आप्पांना सांगितलं न्हाईस?"

"न्हाई."

"कामून काकू?"

तिनं जाळीवरचा हात काढला.

"वाट घावली असती तर ते गेले असते की रं. न्हाई घावली, म्हनून रोज पहाटं दारापोतर यायचे." ती उठली. पदर सारखा केला. "जागर झाल्यापासनं येत न्हाईत."